साम्य आहे, पुरावा नाही

वरवंडच्या चौकात लुबनाचं तोंड दहा फूट उंच लागलं होतं, आणि तिचं तिलाच ते आधी ओळखू आलं नाही.

पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वळत होता, म्हणून स्कूटीवरून एक पाय टेकवून ती थांबली आणि सहज वर बघितलं. पांढरेफटक गाल आणि गुलाबी ओठ केलेली कुणी बाई हसत होती. ओढणी मात्र ओळखीची होती. बाईच्या एका अंगाला भाला घेतलेला उघडाबंब ग्रीक शिपाई, दुसऱ्या अंगाला मिनारांची मशीद, आणि मधे शेंदरी अक्षरं: ‘ग्रीक व तुर्की भाषेला विशेषणे दिली मराठीने! हे जगापुढे सिद्ध करून दाखवणाऱ्या प्रा. डॉ. लुबना बाबुलाल आतार यांचे हार्दिक अभिनंदन. भव्य नागरी सत्कार, शनिवार, सकाळी दहा.’ खाली सतरा शुभेच्छुकांचे फोटो होते, त्यातले चौदा काळा चष्मा लावलेले.

लुबना अजून डॉक्टर झालेली नव्हती. प्राध्यापकही ती फक्त बोलण्यापुरती. आणि सिद्ध तर तिनं काहीच केलेलं नव्हतं. दोन ओळींत तीन खोट्या गोष्टी, आणि त्यांना सतरा साक्षीदार! ट्रॅक्टर कधीच निघून गेला होता. मागून एसटीनं हॉर्न मारला तेव्हा ती भानावर आली.

ती तळेगाव ढमढेऱ्याची. बाप बाबुलाल आतार आठवडी बाजारात बांगड्यांचं पाल मांडतो. रोज सकाळी न्हावरे, चौफुला करत ती वरवंडला येते, जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, आणि तिथल्या कॉलेजात मराठी शिकवते. तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तोवर मॅडम, सुट्टी लागली की तू कोण आणि मी कोण. अशी सहा वर्षं गेली होती. यंदा कुठं एक कायमची जागा निघाली होती. मंगळवारी मुलाखत होती, आणि ती जागा कुणाला द्यायची हे संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब ठरवणार, हे कॉलेजच्या दारातल्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

हा सगळा उपद्व्याप सुरू झाला तो पुण्यातल्या एका चर्चासत्रापासून. तिथं लुबनानं निबंध वाचला होता. विषय असा: ग्रीक आणि तुर्की भाषांतले विशेषण घडवणारे प्रत्यय, काही संभाव्य साम्ये. ऐकायला अकरा माणसं होती आणि त्यातली दोन पेंगत होती. पण कोपऱ्यात एक वार्ताहर चहाच्या आशेनं बसला होता. त्यानं बातमी दिली आणि जागा कमी पडली म्हणून ‘संभाव्य’ हा शब्द काढून टाकला. मग ती बातमी बापूसाहेबांकडं आली. त्यांनी ‘साम्य’ काढलं आणि मराठी घातली. एका पिसाचे शंभर कावळे होतात म्हणतात, ते असे.

प्रत्यय म्हणजे काय, तर शब्दाला मागून लागणारं शेपूट. दया असलेला तो दयाळू, झोप असलेला तो झोपाळू. तुर्कीत काळजाला यूरेक म्हणतात आणि काळीज असलेल्याला, म्हणजे धिटाला, यूरेकली. जुन्या ग्रीकमधे धैर्याला थार्सोस म्हणत आणि धिटाला थार्सालेओस. दोन्हीकडं शेपटात ल. अशा जोड्या लुबना चार वर्षं गोळा करत होती. दोन तासांच्या मधल्या वेळात, स्टाफरूमच्या खिडकीशी बसून, ती ग्रीक अक्षरं गिरवायला शिकली होती. तिथले लोक तिला चेष्टेनं युनानी हकीम म्हणत.

अलीकडच्या ग्रीक भाषेनं तुर्कांकडून काही शेपटं सरळ उचलली, हे जगाला माहीत आहे. शतकानुशतकांचा शेजार होता. आपणही मशालची आणि तोपची यांतला ‘ची’ तिकडचाच घेतला, फारसीच्या हातून. अशा ठिकाणी देणारा ठाऊक, घेणारा ठाऊक, आणि मधला रस्ताही दिसतो. पण थार्सालेओस हा शब्द तुर्क त्या बाजूला यायच्या कितीतरी आधीचा. मग तो ल कुठला? तिसऱ्याच कुणाकडून दोघांकडं आला, की नुसता योगायोग? लुबनानं खातरजमा म्हणून दोघांशी काडीचा संबंध नसलेल्या चार भाषा घेतल्या आणि त्याही तशाच चाळल्या. त्यातल्या दोहोंत तसलाच ल निघाला. त्या दिवशी ती जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं निबंधाची शेवटची ओळ लिहिली: साम्य आहे, ते का आहे हे सांगता येत नाही, योगायोग नाकारता येत नाही. चार वर्षं रक्ताचं पाणी करून एवढं तीन तुकड्यांचं वाक्य हाती आलं होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता.

तर अशी ती तडक बापूसाहेबांच्या केबिनमधे गेली. मराठीच्या विभागप्रमुख अनुपमा मॅडम तिच्या मागोमाग आल्या, कारण लुबना चिडली की कुठवर जाईल याचा त्यांना अंदाज होता.

बापूसाहेब खुर्चीत रेलून बसले होते. पांढरं कडक धोतर, मनगटात कडं. त्यांच्या शेजारी त्यांचा उजवा हात दत्ता उभा होता. कॉलेजात कारकून, गावात कार्यकर्ता, आणि फ्लेक्सवर चष्मेवाल्या चौदांतला एक.

“या या, मॅडम! बसा. दत्ता, च्या सांग.”

“सर, तो फ्लेक्स उतरवायला सांगा. त्यावर लिहिलंय ते मी कधी म्हटलेलंच नाही.”

“म्हटलं न्हाई तर आता म्हणा की. म्या पण डोकं चालिवलंय जरा. पुढला, मागला, वरला, खालला. आला का न्हाई ल? दयाळू, मायाळू घ्या.”

“त्यात ळ आहे, सर.”

“ल काय आन् ळ काय, येकाच आईची लेकरं. ल आपलाच हाय.”

“आपल्यातही आहे, सर. पण आपल्यात आहे म्हणून तो त्यांना आपण दिला, असं होत नाही.”

“मग त्यांनी आपल्याला दिला म्हणता?”

“तेही नाही. माहीत नाही.”

बापूसाहेबांनी दत्ताकडं बघितलं आणि मनापासून हसले. “माहीत न्हाई म्हणून कुणी फ्लेक्स लावतं व्हय? माहीत न्हाईचा सत्कार कुणी केल्याला तुम्ही बघितलाय का?”

“फ्लेक्स खोटा आहे, सर.”

“आवो, फ्लेक्स खोटाच असतोय! माझ्या वाढदिवसाला मला विकासपुरुष म्हणत्यात, कार्यसम्राट म्हणत्यात. म्या कवा तक्रार केली?” मग ते जरा पुढं वाकले आणि त्यांचा आवाज उतरला. “मॅडम, सहा वर्सांमागं तुमास्नी घेतलं तवा लोक म्हणले, आताराची पोर, ती काय मराठी शिकिवणार. म्या ऐकलं का कुणाचं? आता जागा निघालीया. शनवारी शाल घ्या, दोन वाक्यं बोला, खाली बसा. मंगळवारी भेटूच.”

हे सगळं खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. बापूसाहेब वाईट असते तर बरं झालं असतं. माळरानावर कॉलेज उभं केलं होतं त्यांनी, आणि लोकांची तोंडं बंद करून तिला वर्गात उभं केलं होतं ते त्यांनीच. उपकार करणारा माणूस खोटं बोलायला सांगतो तेव्हा नाही म्हणताना जीभ जड होते. तिची झाली. ती चहा न घेताच उठली.

जिन्यात अनुपमा मॅडमनी तिचा दंड धरला. “दोन वाक्यांनी आभाळ कोसळत नाही, लुबना. आधी जागा पदरात पाडून घे. मग काय खरं बोलायचं ते आयुष्यभर बोल.”

“मग खरं बोलले तर लोक विचारतील, जागा मिळाली तेव्हा काय बोलली होतीस?”

“लोक काही विचारत नाहीत गं.”

“वर्गातली पोरं विचारतील. नाही विचारलं तर माझीच शिकवण्याची चूक.”

संध्याकाळी ती घरी न वळता सरळ शिक्रापूरला गेली. फ्लेक्सच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापणाऱ्याचं नाव होतं आणि ते तिच्या सख्ख्या भावाचं होतं. चाकणच्या रस्त्याला नौशादचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. बाहेर कंटेनरची रांग, आत मशीनची खरखर आणि शाईचा उग्र वास. नौशाद लॅपटॉपवर कुणा सरपंचाचं टक्कल झाकत होता.

“भाई, ते ‘सिद्ध’ तू लिहिलंस?”

“दत्तानं फोनवर सांगितलं, मजकूर दणकेबाज पायजे. त्यानं ‘शोध लावला’ म्हटलं व्हतं. मला ते गुळमुळीत वाटलं.”

“आणि डॉक्टर?”

“व्हणारच हायस की दीड वर्सानं. परत छापायला नको.”

लुबनाला हसावं की डोकं आपटावं कळेना. ती म्हणाली, “उद्या सकाळी सगळे उतरव.”

नौशादचा हात थांबला. तो खुर्चीसकट तिच्याकडं वळला, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते तिनं लहानपणापासून फार थोड्या वेळा बघितलं होतं. “अकरा वर्सं मी दुसऱ्यांची थोबाडं छापतोय. पाटलाची, सावकाराची, त्यांच्या शेंबड्या नातवांची. आपल्या घरातलं येक तोंड आजवर चौकात लागलं व्हतं का? तुझं लागलं. वरवंडात, चौफुल्यावर, हिथं शिक्रापुरात. मी शिडीवर चढून सोता बांधलंय. मी न्हाई उतरवणार.”

“भाई, तोंड माझं आहे.”

“आन् नाव अब्बाचं हाय,” तो म्हणाला आणि पुन्हा सरपंचाच्या टकलाकडं वळला.

मोहल्ल्यातही काही वेगळं नव्हतं. तिथल्या मोबाईलच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, मराठीनं काय दिलं, सगळं तुर्कांनीच दिलं, आपल्या बहिणीनं शनिवारी हे ठणकावून सांगावं. त्याखाली बत्तीस अंगठे होते. लुबनानं मोबाईल पालथा ठेवला. सगळ्यांना तो ल आपल्या मालकीचा हवा होता. तो कुणाचा हे माहीत नाही, एवढंच कुणाला नको होतं.

बाबुलालच्या घरी बोलणं दखनीत चालतं. पण बाबुलालला राग आला की तो मराठीवर येतो, कारण बाजारात चाळीस वर्षं राग मराठीतच काढायची सवय. त्या संध्याकाळी तो पहिल्या वाक्यापासूनच मराठीत होता.

“शाल घ्यायला काय अंगावर काटं येत्यात तुझ्या?”

“अब्बा, ते खोटं आहे.”

“आसंल! कुणाचं घर बुडतंय त्यानं? ग्रीसातली माणसं येणार हायती का भांडायला?”

लुबना त्याच्यापाशी खाली बसली. पुढ्यात बांगड्यांचे तोडे, एकेका नक्षीचे जुडगे, पसरलेले होते, उद्याच्या बाजारासाठी तो निवडत होता. “आठवतंय, मी चौथीत होते. एक बाई फुटलेल्या तोड्यातली एक बांगडी घेऊन आली होती. म्हणाली, ह्याच्यातली द्या. तुमच्याकडं हुबेहूब तशी होती. तोच हिरवा, तीच नक्षी. तुम्ही ती उन्हात धरलीत, आतला सांधा बघितलात आणि म्हणालात, ताई, रंग सारखा हाय, पण भट्टी येक न्हाई. मिळतीजुळती हाय, तसं समजून घ्यायची तर घ्या. बाई गेली. पुढच्या पालवाल्यानं, त्याच तोड्यातली आहे म्हणून, दुसरीच तिच्या हातात घातली.”

“मग?”

“मग काय. मी चार वर्षं तेच केलंय. रंग बघितला नाही, सांधा बघितला. भट्टी एक आहे का, मला दिसलं नाही. तेवढंच मी लिहिलं.”

बाबुलालनं हातातली बांगडी उगीचच दिव्याकडं धरली. लुबनाला वाटलं, जिंकलं. पण तो म्हणाला, “बांगडीची गोष्ट येगळी, बेटा. बांगडीत जाऊन जाऊन येक गिऱ्हाईक जातंय. हिथं तुझा जल्म जातोय. एकतिशी गाठलीस. रोज नव्वद किलोमीटर, त्या गाड्यांच्या गर्दीतनं. तू घरी येईस्तवर तुझ्या अम्मीचा जीव थाऱ्यावर नसतोय. कायमची झालीस की वरवंडातच खोली घेशील, म्हणून ती आस लावून बसलीया. तुझा सांधा ऱ्हाऊ दे बाजूला. शाल घे.”

आतल्या खोलीत अम्मी, हुसेनबी, भाकरी थापत होती. तो थापण्याचा आवाज थांबला होता.

शनिवारी कॉलेजचा हॉल माणसांनी फुलून गेला. ग्रीक-तुर्कीसाठी आलेलं त्यात कुणीच नव्हतं. बापूसाहेबांच्या शब्दाखातर आले होते, आणि नंतर मसालेभात होता. बाबुलाल पहिल्या रांगेत, नवा पांढरा नेहरू शर्ट, कडक टोपी. नौशाद मागच्या भिंतीशी हात बांधून उभा. अनुपमा मॅडम सूत्रसंचालनाला, हातात कागद.

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. मग आधी पालकांचा सत्कार. बाबुलालला वर बोलावलं. चाळीस वर्षं जमिनीवर बसून इतरांच्या हातात बांगड्या भरलेला तो माणूस व्यासपीठावर कुठं उभं राहावं ते न कळून कडेलाच उभा राहिला. बापूसाहेबांनी त्याला खांद्याला धरून मधे आणलं, शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या. बाबुलाल खाली येऊन बसला तेव्हा त्याचे डोळे भरलेले लुबनाला वरून दिसले. तिला वाटलं, घेऊन टाकावी शाल. हा माणूस आज पहिल्यांदा वर उभा राहिला. कुणाचं काय जातंय?

मग बापूसाहेब बोलायला उठले. सुरुवात बरी होती. पण टाळ्या मिळत गेल्या तसतसा बैल मोकळा सुटला. “ग्रीक म्हंजी जगजेते! पन त्यास्नी शूर म्हणायला शब्द कुठनं आला? भीमेच्या काठावरनं आला! आन् हे कुणी सिद्ध केलं? आपल्या लेकीनं!” हॉल दणाणला. शिट्ट्या वाजल्या. दत्ता शाल उलगडून तयार उभा राहिला.

लुबना उठली आणि शालीकडं न जाता माइककडं गेली. “शाल घेण्याआधी मला बोलायचंय,” ती म्हणाली. “मी हे सिद्ध केलेलं नाही. ग्रीक आणि तुर्कीत काही विशेषणांची शेपटं सारखी आहेत. मराठीतही काही तशी आहेत. ती का सारखी आहेत ते मला माहीत नाही. कुणी कुणाला दिली, किंवा दिली का, तेही माहीत नाही. फ्लेक्सवर लिहिलंय ते चूक आहे.”

बापूसाहेब मात्र मुरलेले राजकारणी. त्यांनी हसत हसत तिच्या बाजूनं माइक ओढला. “बघा! ह्याला म्हणत्यात विद्या विनयेन शोभते! येवढं मोठं काम करून पोरगी म्हणती, मला काय माहीत न्हाई! हाय का न्हाई मोठं मन?”

आणि टाळ्या पडल्या, मघापेक्षा दुप्पट. पुढच्या रांगेतल्या बायांनी कौतुकानं माना हलवल्या. खरं बोलून झालं होतं आणि तेच तिच्या डोळ्यांदेखत खोट्याच्या पंगतीला जाऊन बसलं. दत्ता शाल घेऊन पुढं आला. ती आता अंगावर पडू दिली असती तर सगळं गोड झालं असतं. जागा, वरवंडातली खोली, बापाचे भरलेले डोळे, सगळं. आणि वर कुणी विचारलं तर सांगता आलं असतं, मी तर खरं बोलले होते बाबा.

लुबना एक पाऊल मागं सरली. शाल दत्ताच्या दोन्ही हातांत हवेतच राहिली.

तिनं माइक परत ओढला. आता तिचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जातो तसा निघाला. “हा विनय नाही. विनय असता तर मी गप्प बसून शाल घेतली असती. मी गर्वानं बोलतेय. चार वर्षं मी दोन परक्या भाषा घासल्या, तेव्हा कुठं मला नीट कळलं की मला माहीत नाही. ही माझी कमाई आहे. ती घेऊन तुम्ही तिच्या जागी खोटं ठेवताय आणि वर शाल घालताय. मला नको. मराठी ग्रीकांना काही न देतासुद्धा मोठी आहे. तिला असल्या उसन्या मोठेपणाची गरज नाही, आणि मलाही नाही.”

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी मागून “आगाऊ हाय” म्हणालं, ते सगळ्यांना ऐकू आलं. भिंतीपासचा नौशाद तिच्याकडं न बघता बाहेर निघून गेला. अनुपमा मॅडमनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली आणि आता मसालेभाताची व्यवस्था मागच्या बाजूला आहे असं एका दमात सांगून टाकलं. माणसं सुटकेनं उठली.

बापूसाहेब जवळ आले. हसू अजून तोंडावरच होतं, उतरवायला वेळ झाला नव्हता. हळू आवाजात म्हणाले, “मंगळवारी यायची तसदी घिऊ नका, मॅडम.”

“येणार, सर. मुलाखतीच्या यादीत पहिलं नाव माझं आहे.”

“येऊन काय उपेग न्हाई.”

“तो तुम्ही ठरवा. यायचं की नाही ते मी ठरवलंय. आणि समोर बसून विचारा मला, सर, काय येतं ते. सगळ्यांदेखत विचारा.”

बापूसाहेब वळून गेले. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या लुबना कठडा धरून उतरली. बाप तिथंच, पहिल्या रांगेत, एकटा बसला होता. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

तेवढ्यात दत्ता तिथं आला. सगळा राग कुठंतरी काढायचा होता, आणि बापूसाहेबांवर किंवा मॅडमवर तो निघण्यासारखा नव्हता. “बाबुलालमामा, ती शाल आन् नारळ द्या हिकडं. सत्कार क्यान्सल झालाय.”

बाबुलाल उठला. आधी त्यानं खांद्यावरची शाल काढली, बाजारातलं कापड घडी करावं तशी कडेला कड लावून घडी घातली आणि दत्ताच्या हातावर ठेवली. दत्तानं नारळासाठी दुसरा हात पुढं केला.

“नारळ न्हाई मिळायचा,” बाबुलाल म्हणाला. मराठीत.

“आसं कसं? कार्यक्रमच—”

“शाल तिच्या शोधाची व्हती. तिनं सांगितलं, शोध लागल्याला न्हाई. म्हणून शाल तुमची, घिऊन जावा. पन नारळ मला दिला त्यो तिचा बाप म्हणून. त्यो शोध तर लागल्याला हाय नव्हं? ही माझी लेक हाय, ह्याला तरी पुरावा लागत न्हाई. आज समद्या गावानं बघितलंय.” त्यानं नारळ काखेत मारला. “आन् कुणाला शंका आसंल तर त्यानं तिचं तोंड बघावं. फ्लेक्सवरलं न्हाई, खरं.”

दत्ता शाल घेऊन तसाच उभा राहिला. बापलेक हॉलच्या बाहेर आले. मसालेभाताच्या रांगेतल्या लोकांनी त्यांना वाट करून दिली आणि कुणी जेवायला थांबा म्हणालं नाही. लुबनानं स्कूटी काढली. बाबुलाल मागं बसला, नारळ दोघांच्या मधे नीट धरला.

“मंगळवारी किती वाजता निघायचं?” त्यानं विचारलं.